दोन मिनिटांची साक्ष

१ डिसेंबर, रविवार

चिठ्ठी माझीच निघाली! दोनशे माणसांची मंडळी, डब्यात दोनशे चिठ्ठ्या, आणि देवाच्या हाताला नेमकी माझीच लागली. हात खरं तर पाळकसाहेबांचा होता, पण ते म्हणतात एकच.

आमच्या चर्चची ही जुनी खोड. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एक चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याने नाताळच्या सकाळी सगळ्यांसमोर उभं राहून दोन मिनिटं साक्ष द्यायची. विषय दरवर्षी तोच — 'तारण म्हणजे माझ्यासाठी काय?' गेल्या वर्षी दातांचे डॉक्टर होते. त्यांनी दोन मिनिटांची बावीस केली. त्यांच्या खुर्चीत जसे निमूट बसतो तसेच तिथेही बसलो.

आणि आता मी! मी लिफ्टचा मेकॅनिक. अडकलेली माणसं बाहेर काढतो, एवढाच माझा तारणाशी संबंध. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दाराजवळ बसतो आणि शेवटचं गाणं सुरू झालं की सटकतो. बायको मात्र खूश आहे. 'अहो, निळा शर्ट घाला हं.' अजून चोवीस दिवस आहेत आणि हिचा शर्ट ठरला.

३ डिसेंबर, मंगळवार

ही वही कंपनीची. दरवर्षी प्रत्येक मेकॅनिकला दोन मिळतात. एक कामावर भरतो, एक घरी आणतो. पानावर तीन रकाने छापलेले आहेत — तक्रार, कारण, उपाय. मी त्यांच्यावरून खुशाल आडवं लिहीत जातो. पण कधीकधी रकानेच बरे पडतात. उदाहरणार्थ आज:

तक्रार — बायको बोलत नाही. कारण — निळा शर्ट घालणार नाही म्हणालो. उपाय — घालीन म्हणालो.

कामावर तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या ठिकाणी नऊ मजले जिने चढून धापा टाकत पोचलो, तर लिफ्ट मजेत चालू! वॉचमन म्हणाला, आत्ताच सुरू झाली. अशा वेळी उपायाच्या रकान्यात आम्ही लिहितो — 'पोचण्यापूर्वीच चालू'. सुपरवायझरला या दोन शब्दांचा भयंकर राग. त्याला वाटतं, आम्ही गेलोच नाही, घरी झोपलो. पण होतं असं. आपण घाम गाळत जातो आणि काम आधीच झालेलं असतं. आपण फक्त सही करायची.

पक्कड पुन्हा कुणीतरी ढापली होती. संध्याकाळी सापडली. माझ्या प्रत्येक वस्तूवर मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतो, वीस वर्षांची सवय आहे, त्यामुळे चोर लगेच पकडता येतो. बायको म्हणते, माझ्या नखांपेक्षा तुमच्या पान्यांची नखं जास्त रंगली.

५ डिसेंबर, गुरुवार

गोदामात गेलो. दाराचा एक कॉन्टॅक्ट हवा होता, म्हणजे दार बंद झालं हे लिफ्टला कळवणारा सुटा भाग. खिडकीत बाजा.

बाजा म्हणजे माझा जुना जोडीदार. अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच गाडीतून हिंडलो, एकाच डब्यातलं खाल्लं. रविवारी तो चर्चमध्ये पियानो वाजवायचा म्हणून कंपनीत सगळे त्याला बाजा म्हणायचे. अजूनही म्हणतात. आता वाजवत नाही तरी.

त्याच्या डाव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच आहे. मधली तीन बोटं नऊ वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून तो गोदामात सुटे भाग देतो आणि मी खिडकीच्या या बाजूला सही करतो. त्या हाताकडे न बघण्यात मी आता तरबेज झालो आहे.

'तुझं नाव निघालं म्हणे,' तो म्हणाला. मी म्हटलं, हो रे बाबा. काय बोलणार विचारलं. सुचेल काहीतरी, म्हणालो. कॉन्टॅक्ट घेतला आणि निघालो. बाहेर आल्यावर पाहिलं तर चुकीच्या मापाचा घेतला होता. पण परत गेलो नाही. उद्या दुसऱ्या कुणाला पाठवीन.

८ डिसेंबर, रविवार

पियानोवर शाळेतल्या बाई. बिचाऱ्या मनापासून वाजवतात आणि प्रत्येक गाण्यात त्याच एका पट्टीवर घसरतात. आख्खी मंडळी तिथे आली की श्वास रोखते. बाजा तिसऱ्या बाकावर बसतो. बाई घसरल्या की त्याची मान किंचित हलते. मी मागून बघतो आणि उठून बाहेर जातो. बायकोला वाटतं सिगरेट. सिगरेट सोडून सात वर्षं झाली.

लिहूनच टाकतो. ही वही वाचतंय कोण?

लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. हा पहिला नियम. पण दुरुस्ती करताना कधीकधी उघड्या दारानेच ती हलवावी लागते. मग वरच्या मशीनच्या खोलीत पॅनेलमध्ये जंपर लावायचा. जंपर म्हणजे वीतभर काळी वायर, दोन टोकांना दोन चिमटे. तो लावला की लिफ्टला वाटतं, दार बंदच आहे. काम झालं की तत्क्षणी काढायचा. हा दुसरा नियम.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं आळीपाळीने जंपर लावत होतो, काढत होतो. शेवटचा मी लावला. मग बाजाला म्हटलं, 'झालं माझं, तू पाचव्या मजल्यावरच्या दाराचं बघ.' आणि मी खाली चहा प्यायला गेलो. जंपर तसाच! बाजाने दार उघडून हात आत घातला. कुणीतरी वरून बटण दाबलं. लिफ्ट हलायलाच नको होती. ती हलली.

ओरडा ऐकून वर धावलो, तर बाजा पाचव्या मजल्यावर नव्हताच. सातव्यावर मशीनच्या खोलीच्या पायरीवर बसला होता, हात फडक्यात गुंडाळलेला. 'मेन स्विच बंद केला,' म्हणाला. शहाणा माणूस! बोटं गेली तरी नियम पाळत होता. मी त्याला घेऊन दवाखान्यात पळालो. ती वायर त्या गडबडीत कुठे गेली, कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

चौथ्या दिवशी सुपरवायझर अहवाल घेऊन त्याच्या खाटेपाशी गेला. बाजाने उजव्या हाताने लिहिलं — 'जंपर काढायचा राहिला. चूक माझी.' आणि सही. त्याला बिचाऱ्याला वाटलं, शेवटचा जंपर त्याचाच. गुंगीत होता. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. मूग गिळून. आज बोलू, उद्या बोलू. मुलगी तेव्हा सातवीत होती, हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. आता काय सांगू?

पण सगळ्यात वाईट हे नाहीच. पुढच्या रविवारी जुन्या पाळकांनी भर उपासनेत बाजासाठी प्रार्थना केली — 'प्रभू, आमच्या या भावाला निष्काळजीपणापासून दूर ठेव.' आणि मी आमेन म्हणालो. मोठ्याने!

१० डिसेंबर, मंगळवार

बायकोने माझी साक्ष लिहून दिली. वाटाण्याएवढ्या अक्षरांत पानभर. 'मी हरवलेलं मेंढरू होतो.' मी म्हटलं, मी कधी हरवलो? गेली अठ्ठावीस वर्षं मी कुठे आहे हे तुला मिनिटामिनिटाला माहीत असतं. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, 'जावईबापू, मेंढरालाही आपण हरवलोय हे कळत नसतं.' चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकतात.

१२ डिसेंबर, गुरुवार

चर्चची लिफ्ट बघायला गेलो. चर्च दुसऱ्या मजल्यावर, खाली शाळा. म्हाताऱ्या माणसांसाठी कधीकाळी एक सहा माणसांची लिफ्ट बसवली, ती सहा महिने बंद पडून आहे. नाताळला सगळ्या आज्या वर यायला हव्यात, असा पाळकसाहेबांचा हट्ट. म्हणजे साक्षही मीच द्यायची आणि आज्याही मीच वर न्यायच्या. घरचं झालं थोडं!

पाळकसाहेब तरुण आहेत, काटकुळे आहेत, आणि कुणी काम करत असलं की शेजारी उभं राहून बोलतात. माझं डोकं पॅनेलमध्ये असताना ते तारण समजावू लागले. म्हणे, तारण फुकट असतं. आपण काही करायचं नसतं, फक्त घ्यायचं. मी म्हटलं, साहेब, फुकट गोष्टीवर माझा विश्वास नाही. फुकट आलेलं ग्रीस सगळ्यात आधी सुकतं. ते हसले. त्यांचं हेच वाईट, चिडत नाहीत.

मग माझी जीभ घसरली. म्हटलं, समजा एकाची चूक दुसऱ्याने स्वतःवर घेतली. त्यांचा चेहरा उजळला — अहो, तेच तर! नाताळ म्हणजे दुसरं काय? मी म्हटलं, थांबा. पण समजा, घेणाऱ्याला माहीतच नाही की चूक त्याची नव्हती. त्याला वाटतंय त्याचीच.

 त्यांच्या हातात माझा टॉर्च होता, तो त्यांनी विझवला.

'मग ते तारण नाही, भाऊ,' म्हणाले. 'जाणूनबुजून घेतलं तर तारण. नाहीतर आपण आपलं ओझं गुपचूप दुसऱ्याच्या पाठीवर टाकलं, एवढंच.'

म्हणजे चोरी, मी म्हटलं.

चोरीच म्हणा, ते म्हणाले. आणि विचारलं नाही, कुणाची.

टॉर्च मागून घेतला. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

१५ डिसेंबर, रविवार

साक्ष — शून्य ओळी. केक — दोन तुकडे.

१७ डिसेंबर, मंगळवार

बसलो शेवटी लिहायला. पहिला प्रयत्न: 'तारण म्हणजे शांती.' खोडलं. मला कधी मिळाली? दुसरा प्रयत्न: मेंढपाळांवर. रानात पाळीवर असताना त्यांना देवदूत दिसले. पाळीवर मलाही बरंच काही दिसतं, मी कुणाला सांगत नाही. खोडलं. तिसरा प्रयत्न: 'बुडत्याला काडीचा आधार.' हे बरं वाटलं. पण मग वाटलं, या गोष्टीत बुडतोय कोण? बाजा बुडाला आणि मी काठावर कोरडा उभा आहे. फाडलं.

मला एक कळत नाही. चूक आपण केली असताना राग त्याचा का येतो? पण येतो. खिडकीतून तो कॉन्टॅक्ट पुढे सरकवतो, वर कधी 'घरी सगळे बरे?' असंही विचारतो, आणि माझ्या डोक्यात तिडीक उठते. एकदा तरी शिवी घाल, माणसा! पण तो कशाला घालेल? त्याच्या लेखी मी निर्दोष.

लिफ्ट मात्र चालू झाली. आज सहा आज्या वर नेल्या, सहा खाली आणल्या. एकीने उतरताना माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तिच्या अंगठीत माझे दोन केस गेले.

२२ डिसेंबर, रविवार

आज भलतंच झालं. सावकाश लिहितो.

उपासना संपली. सासूबाई आणि पाळकसाहेब लिफ्टने खाली निघाले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. सासूबाईंच्या शालीची झालर दाराच्या फटीत गेली होती, दार जरासं सरकलं आणि लिफ्ट जिथल्या तिथे उभी राहिली. तिने तसंच करायचं असतं. हे मी जमलेल्या लोकांना तीनदा सांगितलं, कुणालाही पटलं नाही. दातांचे डॉक्टर म्हणाले, 'आत्ताच दुरुस्त केली ना तुम्ही?' उचलली जीभ लावली टाळ्याला.

शाल काही सुटेना. म्हणजे हाताने लिफ्ट हलवणं आलं. त्याला दोन माणसं लागतात. मशीनच्या खोलीत एकाने दांडा दाबून ब्रेक सोडायचा, दुसऱ्याने चाक धरायचं. एकट्याने करायचं नाही, आणि नवख्याला घेऊन तर मुळीच नाही. सुट्टीचा दिवस. कंपनीतला माणूस यायला दोन तास. आतून पाळकसाहेबांचा प्रार्थनेचा आवाज येत होता आणि मध्येच सासूबाईंचा — 'साहेब, जरा हळू, जावयाला काम करू द्या.'

बाजा तिसऱ्या बाकावरून उठून आला. कोट काढून शाळेतल्या बाईंकडे दिला. 'चल,' म्हणाला.

वर गेलो. त्याने ब्रेकचा दांडा घेतला, मी चाक. नऊ वर्षांनी! पूर्वी तो दांडा दाबताना ताल धरायचा. आजही तसाच धरला — एक, दोन, तीन, धर. एक, दोन, तीन, धर. ब्रेक सुटला की लिफ्ट वीतभर वर यायची, धरला की थांबायची. आत दोनच माणसं, एक काटकुळं आणि एक चिमणी, त्यामुळे ओढायचं काहीच नसतं. लिफ्टच्या मागे लोखंडी वजनांची चळत टांगलेली असते. ती खाली उतरते म्हणून लिफ्ट वर येते. दांडा त्याने उजव्या हाताने धरला होता आणि डावा वर ठेवला होता, अंगठा आणि करंगळी. इतक्या जवळून मला बघावाच लागला. बाजूला बघितलं असतं तर चाक हातातून सुटलं असतं.

पाच मिनिटांत दुसरा मजला आला. सासूबाई शाल सोडवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, भूक लागली. पाळकसाहेबांनी विचारलं, आम्हाला एवढं ओढलंत कसं? बाजा म्हणाला, 'ओढलं नाही. मागचं वजन खाली आलं म्हणून तुम्ही वर आलात. ते कुणाला दिसत नाही.' पाळकसाहेब त्याच्याकडे बघतच राहिले. खिशातून पेन काढून तळहातावर लिहून घेतलं. आता नाताळच्या प्रवचनात येणार ते! लिफ्ट आमची, वजन आमचं, आणि गाजवणार हे.

जिन्यात बाजाने मला विचारलं, 'साक्ष झाली लिहून?' मी म्हटलं, नाही. काहीतरी पुढे बोलणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात बाईंनी त्याचा कोट आणून दिला आणि मी निघालो.

२३ डिसेंबर, सोमवार

गोदामात गेलो. ठरवून गेलो होतो. खिडकीपाशी उभा राहिलो. तो म्हणाला, बोल. मी म्हटलं, दाराचा एक कॉन्टॅक्ट.

माझ्याकडे आता नको असलेले चार कॉन्टॅक्ट झाले आहेत.

२४ डिसेंबर, मंगळवार

दुपारी बायकोला सांगितलं. ती निळ्या शर्टाला इस्त्री करत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, चहासकट. तिने इस्त्री उभी केली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. वाटलं, आता रडेल. वाटलं, आता म्हणेल, इतकी वर्षं कुणाबरोबर संसार केला मी?

'तरीच,' ती म्हणाली. 'पियानो सुरू झाला की तुम्ही बाहेर जाता.'

मी म्हटलं, त्याला एकट्याला गाठून सांगतो. चारचौघांत कशाला? ती म्हणाली, 'आमेन कुठे म्हणालात?'

चर्चमध्ये, म्हटलं.

'मग तिथेच सांगा. आणि भाषण करू नका हो. सांगा फक्त.'

मी म्हटलं, कंपनीत कळेल. नोकरी जाईल कदाचित. ती म्हणाली, माहीत आहे. मग इस्त्री उचलली. कॉलरला एक डाग पडला होता, तो ती बराच वेळ घासत होती. मला तिची भीती वाटली आणि तिच्याबद्दल इतकं बरंही वाटलं की उठून गॅलरीत गेलो.

२५ डिसेंबर, बुधवार. नाताळ

प्रवचन झालं. मागचं वजन आलंच, चांगलं दहा मिनिटं! खरं सांगायचं तर बरं बोलले. ज्याला खाली येण्याची गरज नव्हती तो खाली आला, आणि आपण वर गेलो ते आपल्या जोरावर नाही, असं काहीतरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही.

मग माझं नाव पुकारलं. पुढे गेलो. कागद नव्हताच. जे बोललो ते आठवतं तसं लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मी स्वतःच त्याला रंग चढवायला नको:

'तारण म्हणजे काय, मला माहीत नाही. मी काय केलं ते माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी बाजाची बोटं गेली. तो जंपर माझा होता. मी काढायला विसरलो आणि चहा प्यायला गेलो. त्याला वाटलं, चूक त्याची, आणि मी त्याला तसं वाटू दिलं. याच जागी त्याच्या निष्काळजीपणासाठी प्रार्थना झाली, तिला मी आमेन म्हणालो होतो. ते आमेन मी परत घेतो. दोन तारखेला कंपनीला लिहून देणार आहे.'

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेब उभे राहिले, बसले. बाजाकडे बघितलं तर तो मान खाली घालून गाण्यांचं पुस्तक चाळत होता. बाईंनी घाईघाईने शेवटचं गाणं सुरू केलं, आणि नेहमीच्या जागी घसरल्या. आज मी बाहेर गेलो नाही. पूर्ण ऐकलं. गाणं संपलं तेव्हा तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती.

दातांच्या डॉक्टरांनी हात मिळवला आणि लगेच सोडवून घेतला. बाकीच्यांना एकाएकी आपापल्या चपला शोधायच्या होत्या. सासूबाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, 'वेळेच्या आत संपवलंत, हे चांगलं केलंत.'  बायको खाली येईपर्यंत माझी बाही धरून होती.

बाजा गेला. हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटत नाही. मित्र तेव्हाच गमावला होता, आज पावती फाडली.

२६ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दार वाजलं. बाजा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने धरलेली काळी वायर, वीतभर. दोन्ही चिमट्यांवर लाल ठिपके, टवके उडालेले.

बायको मागून म्हणाली, 'अगंबाई, हा माझा जुना रंग.'

म्हणजे तो त्या हाताने दोन मजले चढला तो मेन स्विचसाठी नव्हे. माझा जंपर काढून खिशात घालायला. मी विचारलं, मग सही का केलीस?

'बोटं तर गेलीच होती. तुझी नोकरी घालवून परत येणार होती का?'

नऊ वर्षं बोलला का नाहीस?

'तू थांबतोस कुठे?' म्हणाला, आणि आत येऊन बसला. चहा मागितला.

तक्रार — नऊ वर्षं जुनी.

कारण — मी.

उपाय — पोचण्यापूर्वीच चालू.